पेन्सिलची रेघ आणि माणसाची पाठ : मानवाकृती रेखाटनाविषयी



चौथी-पाचवीच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला "आज माणूस काढूया" असं एकदा म्हणून बघा. लगेच दोन-चार हात वर होतात. "बाई, डोंगर काढू का?" "बाई, फुलदाणी चालेल?" डोंगर म्हणजे कोणता ते तुम्हाला माहीतच आहे. दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, काठाला झोपडी आणि वर भुवयांसारखे पक्षी. हेच मूल पहिलीत असताना बिनधास्त माणसं काढत होतं. गोल डोकं, डोक्यालाच फुटलेले हात, बाजूला "ही आई" आणि "हा मी". मग मधल्या तीन वर्षांत असं काय झालं?

बालचित्रकलेवर काम करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले आहेत. साधारण सात ते नऊ वर्षांपर्यंत मुलाचा एक ठरलेला नमुना असतो. माणूस म्हणजे असा, झाड म्हणजे असं. नऊच्या पुढे मूल आजूबाजूला नीट बघू लागतं. आपण काढलेला माणूस खऱ्या माणसासारखा दिसत नाही हे त्याचं त्यालाच कळतं. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. नेमक्या याच वेळी आपण मोठी माणसं काय करतो? "हात बघ कसा काढलाय", "आधी पट्टीने आखून घे", "खोड आणि परत काढ". दोन-तीनदा असं झालं की मूल माणूस सोडतं आणि डोंगराकडे वळतं. डोंगराचं कुणी काही चुकवू शकत नाही! पुढे आयुष्यभर "मला चित्रकला येत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण या वयात थांबलेले असतात असं माझं मत आहे. त्यात आपणही आलो. डीएडला फळ्यावर काडीमाणसं काढायला शिकलो, त्यापुढे आपल्यापैकी किती जण गेले?

म्हणून या लेखात पेन्सिल आणि माणूस एवढ्या दोनच गोष्टींविषयी बोलायचं आहे. रंग नाहीत, पट्टी नाही. पेन्सिलच्या एका रेघेत भाव कुठून येतो, आणि तो मुलांना कसा दाखवायचा, एवढंच बघू.

आधी पेन्सिल म्हणजे काय ते बघू. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल या ठिकाणी काळ्या मऊ दगडाचा मोठा साठा सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं म्हणजे ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचं एक रूप. (पालकहो, मुलानं पेन्सिल तोंडात घातली की "शिसं पोटात जाईल" अशी भीती घालतो, ती कांडीपुरती तरी खरी नाही. रंग दिलेलं लाकूड मात्र चघळू देऊ नका.) १७९५ मध्ये फ्रान्समध्ये युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-झाक कॉन्ते यांनी ग्रॅफाइटची भुकटी आणि माती मळून, भाजून कांड्या तयार केल्या. माती जास्त तर कांडी कडक, कमी तर मऊ. आज पेन्सिलवर एच, एचबी, २बी, ४बी, ६बी लिहिलेलं असतं, ते या मिश्रणामुळेच. एच म्हणजे कडक आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि काळी. मुलांच्या कंपासमधली पेन्सिल बहुतेक वेळा एचबी असते. ती लिहायला चांगली, पण तिच्यानं माणूस काढायचा म्हणजे बारक्या आवाजात पोवाडा गाण्यासारखं आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकावर एक असतात आणि ते सहज घसरतात. कागदावर पेन्सिल फिरली की हे थर सुटून कागदाच्या खरखरीत कणांना चिकटतात. हलका हात असेल तर कागदाच्या उंच कणांनाच काळं लागतं आणि मधले खड्डे पांढरे राहतात. त्यामुळे रेघ धूसर दिसते. दाब वाढवला की खड्डेही भरतात आणि रेघ गडद होते. पेन्सिल आडवी धरली तर पट्टा उमटतो, उभी धरली तर तार. हात भरभर गेला तर रेघ ताणलेली दिसते, रेंगाळला तर थरथरते. बॉलपेनची रेघ दाबली काय आणि न दाबली काय, फारसा फरक पडत नाही. पेन्सिल मात्र हाताची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवते. दाब, वेग आणि कोन या तिन्हीची नोंद एकाच रेघेत होते. पेन्सिलच्या रेखाटनात जो जिवंतपणा येतो तो इथून येतो.

मुलांना हे सांगून कळत नाही, करून कळतं. एक पाठकोरा कागद द्या आणि डावीकडून उजवीकडे एकच रेघ ओढायला सांगा. सुरुवात अशी हलकी, की रेघ आहे की नाही कळू नये. मग वाढवत वाढवत शेवटी शक्य तितकी काळी. मग उलट. मग म्हणा, "झोपलेल्या मांजरीची रेघ काढा. आता भांडणाऱ्या मांजरीची." मांजर काढायचं नाही, फक्त रेघ. वर्गात हसण्याचा गोंधळ होतो, होऊ द्या. दहा मिनिटांत चाळीस मुलांच्या चाळीस भांडखोर रेघा तयार होतात आणि त्यातल्या कुठल्याच दोन सारख्या नसतात.

आता माणसाकडे येऊ.

मुलांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही, असं वाटतं की भाव चेहऱ्यावर असतो. आनंदी माणूस म्हणजे वर वळलेले ओठ, दुःखी माणूस म्हणजे खाली वळलेले ओठ आणि गालावर दोन थेंब. मोबाइलमधल्या इमोजींनी ही समजूत आणखी पक्की केली आहे. हा गैरसमज मोडायला मी मुलांना एक चित्र दाखवते. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचं १८८२ सालचं पेन्सिलचं रेखाटन. हल्ली ते मोबाइलवर सहज सापडतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात ते आहे.

व्हॅन गॉग म्हटलं की आपल्याला सूर्यफुलं आणि गरगरणारं आकाश आठवतं. पण त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं तेच सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, आणि पहिली काही वर्षं तो मुख्यतः रेखाटनंच करत होता. हेग शहरात राहत असताना तिथल्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना तो समोर बसवून काढायचा. या चित्रात असाच एक म्हातारा खुर्चीवर बसला आहे. कोपरं गुडघ्यांवर टेकलेली, डोकं खाली, दोन्ही मुठी चेहऱ्यावर दाबलेल्या. चेहरा जवळजवळ दिसतच नाही. ओठ वर आहेत की खाली, डोळ्यांत पाणी आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. तरीही चित्र दाखवल्यावर "याला काय झालंय?" असं विचारलं की मुलं क्षणभर गप्प होतात. मग एकेक उत्तर येतं. "दमलाय." "त्याचं कुणीतरी वारलंय." "कर्ज असेल बाई." शेवटचं उत्तर आमच्या भागातल्या मुलाचं आहे, ते डच माणसाला सुचलं नसतं.

मग पुढचा प्रश्न, "चेहरा तर झाकलाय, मग तुम्हाला कळलं कसं?" आता मुलं चित्र खरं बघू लागतात. पाठ वाकली आहे. खांदे पुढे आलेत. अंगातला कोट जुना, ढिला आहे आणि त्याच्या चुण्या खाली ओढल्यासारख्या आहेत. पायातले जोडे जड आहेत आणि जमिनीला चिकटल्यासारखे बसलेत. पेन्सिलची रेघ कुठे गडद आहे हे शोधायला सांगितलं, की बोटं बरोबर वाकलेल्या, दबलेल्या, टेकलेल्या जागांवर जातात. माणसाचं सगळं वजन खुर्चीवर आणि गुडघ्यांवर आलं आहे आणि पेन्सिलचं वजनही त्याच्याबरोबर तिथेच उतरलं आहे. भाव चेहऱ्यावर असतोच, पण तो पाठीत असतो, मानेत असतो, पाय कसा टेकवला आहे त्यात असतो. या माणसाला व्हॅन गॉग विसरला नाही. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, त्यानं हीच बैठक तैलरंगात पुन्हा रंगवली.

या चित्राच्या निमित्ताने हत्याराची एक गोष्ट सांगते. व्हॅन गॉगला सुताराची पेन्सिल आवडायची. तीच ती चपटी, जाड कांडीची पेन्सिल, जी आपल्याकडचे सुतार कानावर अडकवून फिरतात आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. तिची रेघ रांगडी येते, बारीक कलाकुसर तिच्यानं होतच नाही, त्यामुळे मोठा आकार धरावाच लागतो. जाड ग्रॅफाइट दाबून लावलं की कागद चकाकतो, उजेडात धरलं तर काळ्याच्या जागी करडा चमकदार डाग दिसतो. ही चकाकी घालवण्यासाठी तो रेखाटनावर पाणी मिसळलेलं दूध वापरायचा. आमच्या वर्गातला एक जण हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणात दूध घेऊन आला होता. कागदाचा लगदा झाला, कारण आपला वहीचा कागद पातळ. व्हॅन गॉगचा कागद जलरंगाचा, जाड होता. पण असे प्रयोग मुलांनी करायलाच हवेत.

उलट टोकाचं उदाहरणही मुलांना दाखवा, नाहीतर त्यांना वाटेल की रांगडी रेघ म्हणजेच चांगली रेघ. फ्रेंच चित्रकार अँग्र रोममध्ये राहत होता. १८१५ मध्ये नेपोलियन पडला आणि अँग्रची फ्रेंच गिऱ्हाइकं गेली. मग पोटासाठी तो रोम बघायला येणाऱ्या प्रवाशांची पेन्सिलची व्यक्तिचित्रं काढायचा. हे काम त्याला कमी प्रतीचं वाटायचं, आणि गंमत अशी की आज लोक या चित्रांवरच जास्त जीव टाकतात. १८१९ मध्ये त्यानं व्हायोलिनवादक पॅगानिनी याचं पेन्सिलचित्र काढलं. टोकदार पेन्सिल, स्वच्छ रेघ. चेहऱ्यावर अगदी मऊ छटा, नाकाची कड, पापणी, सगळं जपून केलेलं. पण कपड्यांवर या, तिथे नुसत्या मोकळ्या रेघा. म्हणजे कुठे थांबायचं हे त्यानं ठरवलं आहे. सगळीकडे सारखी मेहनत केली असती तर आपली नजर कोटाच्या बटणांत अडकली असती. "चित्र पूर्ण कर" असं आपण मुलांना सारखं म्हणतो ना, तेव्हा हे चित्र आठवावं. कपडे रिकामे आहेत म्हणून पॅगानिनी अपुरा वाटत नाही.

आता थोडं शरीराबद्दल, कारण भाव हवेत तरंगत नाही, त्याला हाडं लागतात. प्रमाणाचे नियम बहुतेक चित्रकलेच्या पुस्तकांत असतात. मोठा माणूस त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट उंच, पहिलीतलं मूल सहा पटीच्या आसपास. म्हणूनच मोठ्या माणसाला नुसतं छोटं काढलं की ते मूल दिसत नाही, बुटका माणूस दिसतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, मुलं ते कपाळावर काढतात. हे एकदा फळ्यावर दाखवून पुढे जावं, घोकून घेऊ नये.

प्रमाणापेक्षा तोल महत्त्वाचा. आणि तोल शिकवायला गवंड्याचा ओळंबा फार उपयोगी पडतो. ओळंबा नसेल तर सुतळीला दगड बांधा. एका मुलाला समोर उभं करा आणि सगळा भार एका पायावर घ्यायला सांगा, बसची वाट बघताना आपण उभे राहतो तसं. गळ्याच्या खळगीसमोर ओळंबा धरा. तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. आता मुलांना कंबर बघू द्या. भार घेतलेल्या बाजूची कंबर वर गेली आहे आणि त्याच बाजूचा खांदा खाली आला आहे. दुसरा पाय सैल आहे. रेखाटनात भार घेतलेल्या पायाची रेघ दाबून आणि सैल पायाची हलकी काढली, की माणूस कागदावर उभा राहतो. दोन्ही पाय सारख्याच रेघेनं काढले तर तो टांगल्यासारखा दिसतो. एवढा एक फरक मुलांना जमला तरी त्यांची चित्रं बदलतात.

मग आजूबाजूची माणसं बघायला पाठवा. कमरेवर कळशी घेतलेली बाई कळशीच्या बाजूची कंबर बाहेर काढते, धड उलट बाजूला झुकवते आणि मोकळा हात लांब सोडते. डोक्यावर हंडा घेतलेलीची मान आणि पाठ ओळंब्यासारखी सरळ असते. हातात बादली असेल तर अंग दुसरीकडे कलतं. जड दप्तर पाठीवर घेतलेलं पोर पुढे वाकतं (आणि हे काढायला मॉडेल शोधावं लागत नाही). भाकरी थापणारी आजी, हापसा मारणारा मुलगा, टपरीवर एका पायावर उभं राहून चहा पिणारा माणूस, यांच्यापैकी कुणाचाच तोल सारखा नसतो. ही यादी तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे वाढवा. कोळीवाड्यातल्या शाळेत जाळं ओढणारी माणसं असतील, शहरात लोकलच्या दांडीला लटकलेली.

वर्गात मी साधारण असं करते. एक मूल मध्ये येतं आणि एखादं काम करता करता थांबतं. जसं, पाणी शेंदतोय आणि "स्टॅच्यू". बाकीच्यांना अर्धा मिनिट. खोडायचं नाही, नाक-डोळे काढायचे नाहीत, आधी पाठीच्या कण्याची एकच रेघ, मग खांदे, कंबर, मग हात-पाय. वेळ संपली की कागदावर पुढच्या जागी दुसरी मुद्रा. एका तासात आठ-दहा माणसं होतात. अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलायडिस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या रेखाटनाच्या पुस्तकात अशा जलद रेखाटनांवर भर आहे. तिथे मुद्दा असा की माणूस कसा दिसतो यापेक्षा तो काय करतो आहे ते आधी पकडा. अर्ध्या मिनिटात मुलाला घाबरायला वेळच मिळत नाही, हा माझ्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा फायदा. दोन-तीन तास असे झाले की मग एकदा दहा मिनिटांची सावकाश मुद्रा द्यावी. तेव्हा मुलं आपणहून नीट बघतात.

खोडरबराविषयी माझं मत जरा कडक आहे. रेखाटनाच्या तासाला तो दप्तरातच राहतो. कारण पहिली हलकी रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढता येते, ती पटली की तीच गडद करायची. शोधत गेलेल्या त्या दोन-तीन रेघा चित्रात राहतात आणि त्यांच्यामुळेच हात हलल्यासारखा वाटतो. मोठमोठ्या चित्रकारांच्या रेखाटनांत अशा रेघा ढिगानं दिसतात. खोडून खोडून कागदाचे तंतू उठले की त्यावर पुन्हा रेघ स्वच्छ येत नाही, हे वेगळंच. पालक वही बघून म्हणतात, "मॅडम, नुसत्या रेघोट्या मारल्यात, जरा फेअर करून घ्या ना." त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी शाळेत फेअर वहीच पाहिली आहे. अशा वेळी मी मुलालाच सांगते, आईला समजाव यातला कोण काय करतोय. बहुतेक आयांना कोण काय करतोय ते न सांगताच ओळखता येतं, मग पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरी खोड म्हणजे बोटानं घासणं. कुणीतरी दादा किंवा ताई शेडिंग म्हणजे बोटानं काळं पसरवायचं असं शिकवून ठेवतात. थोडंसं चालतं, पण सगळ्या अंगभर घासलं की माणूस कापसाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत होतो, त्याची हाडं जातात. त्यापेक्षा आकाराबरोबर वळणाऱ्या रेघांनी छाया द्यावी. दंडावर बांगडीसारख्या वळणाऱ्या रेघा, साडीच्या निऱ्यांवर वरून खाली सुटणाऱ्या, म्हाताऱ्याच्या गालावर आखूड, तुटक. आणि जिथे उजेड थेट पडतो तिथे रेघ चक्क सोडून द्यावी. खांद्यावर ऊन असेल तर खांद्याची कड अर्धी गायब होऊ दे, बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. हे मुलांना जादूसारखं वाटतं.

गेल्या वर्षीची एक वही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चौथीतली मुलगी, आई कांदे लावायला मजुरीनं जाते. "घरातलं माणूस काम करताना" असा विषय होता. तिनं आईला मागून काढलं होतं, वाफ्यात वाकलेली. डोकं दिसतच नव्हतं, नुसता पाठीचा मोठा बाक, खोचलेला पदर आणि चिखलातले दोन पाय. कमरेपाशी पेन्सिल इतकी दाबली होती, की कागदाच्या मागच्या बाजूनं रेघ हाताला लागत होती. मी विचारलं, "इथं एवढं दाबलंस?" तर म्हणाली, "तिथंच दुखतं तिला." मी तिला दाब आणि भाव असं काही शिकवलं नव्हतं, आम्ही फक्त त्या मांजरीच्या रेघा काढल्या होत्या. शाळा बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी ती वही उघडून "चेहरा कुठे आहे? चित्र अपूर्ण आहे" असा शेरा तोंडी दिला. मुलगी तिथेच उभी होती. ती पुढे आठ दिवस डोंगर काढत होती.

म्हणूनच मूल्यमापनाविषयी थोडं सविस्तर लिहिते. प्राथमिकला कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे सगळं आपण वर्गशिक्षकच बघतो. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत कला विषयासमोर आपण काय लिहितो? "चित्रात नीटनेटकेपणा आहे." "रंगसंगती चांगली आहे." "चित्रे आवडीने काढतो." पन्नास मुलांच्या नोंदी एका रात्रीत करायच्या असल्या की हेच सुचतं, मला ठाऊक आहे. पण अशा नोंदीतून त्या कांद्याच्या वाफ्यातल्या आईविषयी काहीच येत नाही, किंबहुना नीटनेटकेपणात ती नापासच होते. मी हल्ली अशा नोंदी करते : उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे ते रेघेतून दाखवतो. पाठीच्या आकारातून काम ओळखू येते. हलकी व गडद रेघ हेतूने वापरते. चेहरा न काढता दमणूक दाखवली. न खोडता रेघ सुधारतो. चित्रात ओळखीच्या माणसाची लकब पकडतो. यातल्या हव्या त्या उचला, फक्त मुलाची वही समोर ठेवून उचला.

काही जण म्हणतील, पुढे ग्रेड परीक्षा आहेत, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, तिथे हे चालणार आहे का? चालेल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात माणसं काढावीच लागतात. बाजार, बसस्टँड, पाणवठा असे प्रसंग. तिथे बरीच मुलं गाइडमधली तीन-चार पाठ केलेली माणसं सगळीकडे बसवतात. भाजीवालीही तीच आणि डॉक्टरीणही तीच. ज्या मुलानं चौथीपासून शंभर-दीडशे खरी माणसं अर्ध्या अर्ध्या मिनिटात काढली आहेत, त्याला पाठांतराची गरज पडत नाही.

साहित्याचं म्हणाल तर खर्च फार नाही. प्रत्येक मुलाला एक ४बी पेन्सिल पुरे. ६बी चार-पाच मुलांत एक चालेल. गुळगुळीत चकचकीत कागद टाळा, त्यावर ग्रॅफाइट धरत नाही. ड्रॉइंग पेपर रोज परवडत नाही, तेव्हा सरावाला ऑफिसमधले पाठकोरे कागद उत्तम, फक्त पलीकडची छपाई उठून दिसणार नाही असे निवडा. मऊ पेन्सिल शार्पनरमध्ये सारखी तुटते. ब्लेडनं लांब टोक काढलं तर ती आडवीही धरता येते, पण ब्लेड शिक्षकांच्या किंवा पालकांच्याच हातात असावं. आदल्या दिवशी पंधरा-वीस पेन्सिली काढून ठेवल्या की तास वाया जात नाही. पेन्सिल लिहिण्यासारखी टोकाजवळ धरू नये, मागे धरली की हात खांद्यापासून हलतो आणि रेघ मोकळी येते.

कागद एकावर एक ठेवले तर ग्रॅफाइट एकमेकांना लागून सगळं करडं होतं. मध्ये जुन्या वहीचा एकेक कोरा कागद घाला. मागच्या बाजूला तारीख, आणि मुलालाच लिहू दे की कुणाला काढलं आहे आणि ते माणूस तेव्हा काय करत होतं. मार्चमध्ये जूनचे कागद काढून समोर पसरा आणि मुलांना आपले आपण तीन निवडू द्या. ते तीन भिंतीवर, बाकीचे घरी.